चौथा चमचा

पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. काल पडवीत तेच करत होतो. हाताला ओल्या मिठाचा वास लागला आणि माझी नात सई आठवली.

नऊ वर्षांची होती तेव्हा. मे महिन्यात मुंबईहून आमच्या गावी, कापड्याला आली ती मिठाच्या पाण्यावर चालणारी खेळण्यातली गाडी घेऊन. एक चमचा मीठ, मग दोन, मग तीन. दर वेळी पडवी ओलांडायला गाडीला किती वेळ लागतो ते ती वहीत लिहायची. गाडी दर वेळी जास्तच जोरात पळे. शेजारी बघायला जमले.

मी म्हटलं, "चौथा घाल. जेवढं मीठ तेवढा जोर."

चौथ्याला गाडी रेंगाळली. शेजारचा गणपत हसला, "दादा, तुमचं मीठ खारट नाय वाटतं."

"लिही, जोरात गेली," मी सईला सांगितलं.

"नाही गेली, आजोबा. झालं तेच लिहायचं असतं."

एवढीशी पोर चारचौघांत मला शिकवते? मी वहीचं पान फाडलं. ती रडली नाही. तुकडे उचलून वहीत ठेवले. वीर स्टेशनला सोडायला गेलो, तर रिक्षात माझ्याकडे बघितलं नाही. परत कधी आली नाही. आता कॉलेजात आहे. चुकलो असं मी अजून तिला म्हटलेलं नाही.

बियाण्याच्या पाण्यात मी मीठ बेतानंच घालतो. जास्त झालं तर चांगला दाणाही वर येतो आणि पोचट समजून आपणच तो फेकून देतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.