सातव्या बोअरचा आकडा

पाणी तपासणाऱ्या खात्यातल्या या गृहस्थांना सगळे बाटलीकाका म्हणत. लग्नाला निघाले तरी पिशवीत नमुन्याची रिकामी बाटली असायचीच. बोअरचं पाणी दहा मिनिटं वाहू दिल्याशिवाय ते बाटली धरत नसत.

मुलामा देणाऱ्या कारखान्यामागच्या वस्तीतले सात बोअर त्यांनी तपासले. सहा चांगले निघाले. सातव्यात मुलाम्यातलं विषारी क्रोमियम मर्यादेच्या तिप्पट, आणि तो तर कारखान्यापासून सगळ्यात लांब. जमिनीखालचं पाणी भेगांतून वाट काढतं, अंतर बघत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण पुन्हा उन्हातान्हात जायचा कंटाळा आला. बाटलीच नीट धुतलेली नसणार, असं म्हणून त्यांनी आकडा खोडला आणि लिहिलं, ‘धोका कमी’. न जुळणारा आकडा खात्यात सगळेच खोडत.

आठ महिन्यांनी ते ताईच्या त्याच वस्तीतल्या नव्या बिऱ्हाडी पहिल्यांदा गेले. ताईने पेला पुढे केला.

“पी की. सगळ्यांना सांगते मी, आमच्या धाकट्यानं पास केलेलं पाणी आहे. त्या भरवशावरच खोली घेतली.”

“कुठल्या बोअरचं?”

“कोपऱ्यावरच्या. शेवटच्या.”

पेला हातातच राहिला.

“काय रे, माशी पडली का?”

“तहान नाही गं.”

“तीन जिने चढून धापा टाकतोयस, आणि तहान नाही?” ते कान चोळत होते, लहानपणी खोटं बोलताना चोळायचे तसेच. ताई समोर बसली. “बोल.”

त्यांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे पाणी वाईट आहे?”

“माहीत नाही. बाटलीही खराब असेल.”

“मग ‘माहीत नाही’ असंच लिहायचं होतंस.” तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं त्यांना वाटलं. “शेजारणीच्या बाळाचं दूध याच पाण्यात कालवतात.”

ते खाली गेले. पंप चालू केला, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले, बाटली भरली. हंडे घेऊन आलेल्या बायकांना म्हणाले, “निकाल येईपर्यंत हे पिऊ नका. दुसऱ्या बोअरचं न्या.”

“पास कोणी केलं होतं मग?” एकीने विचारलं.

“मीच.”

ताई जिन्यात उभी होती. “शेजारणीला सांगशील ना?” त्यांनी विचारलं.

“मी नाही. तू सांग.”

बाटली पिशवीत ठेवून ते पुन्हा जिना चढू लागले. या खेपेला धाप पहिल्याच पायरीवर लागली.