आघाडीला नकार, पक्षाला नाही

बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये शेजारी एक बाई होत्या. माहेर निपाणीचं; आता जर्मनीच्या नागरिक आणि तिथल्या एका पक्षाच्या सभासद. निवडणुकीत ज्यांच्याविरुद्ध त्या दारोदार फिरल्या, त्यांच्याशीच पक्ष आघाडी करत होता. आघाडीच्या करारावर सभासदांचं मतदान चालू होतं. त्यातलं एक कलम बाहेरून आलेल्यांना जाचक होतं.

"मग पक्ष सोडा की, आक्का," मी म्हणालो.

चष्मा कपाळावर सरकवत त्या म्हणाल्या, "न्हाय अण्णा. मी गेले तर आमच्यासारख्यांचं तिथं बोलणार कोण? विरोधात मत देणार. हरले तरी आतच राहून भांडणार."

संकेश्वरला बस थांबली. त्यांनी मोबाइलवर मत नोंदवलं आणि लगेच कुणाला तरी फोन लावला. जर्मन मला कळत नव्हतं, पण सुरावरून कळत होतं, निपाणी येईपर्यंत त्या फोनवरच्याला विरोधात मत द्यायला पटवत होत्या.