मुकुंदचं कोमट पाणी

"झाली हो, झाली!"

सकाळी जिन्यात ही आरोळी आली, की वरपासून खालपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांना कळायचं, आज काका खूश आहेत. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी दार उघडून हौसेने विचारलं होतं, "कुणाला? मुलगी का?" काका कठड्यावरून वाकले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "नाही हो. मुकुंदची शी." बाईंनी दार लावून घेतलं.

मुकुंद म्हणजे काकांचं कासव. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी, चालणं सरकारी कारभारासारखं. मुलुंडच्या आमच्या जुन्या सोसायटीत काका माझ्या घराच्या थेट वरच्या घरात राहायचे. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. दिवाळीला फराळाचं ताट नेऊन दिलं तर "ठेव" एवढंच म्हणायचे. तब्येत विचारली तर "चाललंय." पण मुकुंदच्या पोटाबद्दल विचारून बघा, उभं राहून आपलेच पाय दुखायला लागायचे. तुमच्या आसपासही असं एखादं माणूस असेल. स्वतःचं दुखणं सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात, दुसऱ्याचं सांगायला मात्र भरपूर असतात.

काकू होत्या तोवर मुकुंदच्या पोटाचा विषय कधी निघाला नव्हता. त्या त्याला कंपाउंडमधल्या जास्वंदीची पानं, मेथीच्या काड्या, लाल भोपळ्याची सालं घालायच्या आणि सकाळी गॅलरीतल्या उन्हात सोडायच्या. काकू गेल्या आणि स्वयंपाकघर काकांच्या हाती आलं. काकांना वरण-भात यायचा. मग मुकुंदलाही वरण-भात.

आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. काकूंच्या एकादश्या त्यांच्यामागे काकांनी धरल्या होत्या. आयुष्यात कधी उपवास न केलेला माणूस, पण "घरातली एकादशी मोडायला नको" म्हणाले. खिचडी तुपातली, वर दाण्याचं कूट.

"काका, कासवाला कसला हो उपवास?" मी एकदा विचारलंच.

"घरात दोघंच आम्ही. त्याच्यापुढे भात ठेवायचा आणि मी खिचडी खायची? बरं दिसतं का ते?"

व्हायचं तेच झालं. एका सकाळी काका माझ्या दारात उभे. त्या दाराची पायरी ते कधी चढत नसत. "तुझ्याकडे हिंग आहे का गं? माझा संपला."

मी डबी दिली, पण राहवेना म्हणून पाठोपाठ वर गेले. काका खाली बसले होते, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मुकुंद उताणा, चारही पाय हवेत. आणि काका हिंग पाण्यात कालवून त्याच्या खालच्या टणक कवचावर गोल गोल चोळत होते.

"काका! हे काय?"

"पोट गच्च झालंय त्याचं. बाळांना लावतात ना बेंबीला."

"अहो, पण याला बेंबी कुठंय?"

काकांनी चष्मा सावरून पाहिलं. "मधोमध धरलीय," म्हणाले.

मला हसू आवरेना. तेही हसले जरासे. मग हात थांबला. "कधी कुणाला लावला नव्हता गं. पहिलीच वेळ." माझं हसू तिथेच विरलं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल होईना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, घरात कासव ठेवा. काकूंच्या भावाने गावाहून आणून दिलं. मूल झालं नाही. कासव राहिलं. मुलाचं नाव मात्र काकूंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून यालाच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुकुंदला वेताच्या टोपलीत घालून आम्ही रिक्षाने प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते. काय काय खातो ते ऐकताना साबुदाण्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सांगितलं, भात बंद, वरण बंद, उपवास कायमचा बंद. हिरवा पाला, भोपळा, ऊन, हिंडणं-फिरणं. आणि रोज सकाळी उथळ टबात कोमट पाण्यात बसवायचं, त्याने पोट मोकळं होतं.

"कोमट म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"कोपर बुडवून बघायचं, काका," मीच म्हटलं. "बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं." काकांनी तिथल्या तिथे शर्टाची बाही वर करून कोपर तपासलं, जणू ते आजवर वापरलंच नव्हतं.

निघताना डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, तुम्हाला माहीत नसेल, पण ही जात घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे. वनखात्याकडे द्या, ते सांभाळतात. आणि नीट राहिला ना, तर हा अजून वीसेक वर्षं सहज काढेल."

परतीच्या वाटेवर काका टोपली मांडीवर घट्ट धरून बसले होते. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "वीस वर्षं."

दोनतीन दिवसांच्या टबस्नानानंतर जिन्यात आरोळी आली. मी हातातलं पोळीचं पीठ तसंच घेऊन दारात आले. काका वर उभे होते, डोळ्यांत पाणी. एवढ्याशा गोष्टीचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

वनखात्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण पुढे ते बाथरूममध्ये पडले आणि काही दिवस हॉस्पिटलमध्ये होते. किल्ली माझ्याकडे होती. मी कोपर बुडवून पाणी करायचे, जास्वंद आणायचे, लाडीगोडी लावायचे. मुकुंदने माझ्यासमोर मान बाहेर काढली नाही. हॉस्पिटलमधून रोज फोन यायचा, "झाली का?"

"नाही हो, काका."

वॉकर घेऊन ते घरी आले. खुर्चीत बसून त्यांनी नुसतं "मुकुंदा" म्हटलं आणि कवचातून मान हळूहळू बाहेर आली. काका त्याच्याकडे बघत राहिले. "उद्या माझ्याबरोबर येतेस? याला पोचवून यायचंय."

"काका, घाई कशाला? अजून तुम्हीच धड..."

"मी गेल्यावर कुणीतरी याला पलंगाखालून ओढून काढणार. त्यापेक्षा मी असताना मीच सोडून येतो. मुलगा नोकरीला लागला की जातो ना आपण पहिल्यांदा सोडायला? तसं."

वनखात्याच्या केंद्रावर एक मुलगी होती, खाकी कपड्यांतली, पंचविशीतली. काकांनी तिला खाणं सांगितलं, ऊन सांगितलं, पाणी सांगितलं. पुन्हा सांगितलं. शेवटी तिचं कोपर धरून दाखवलं, "इथून बघायचं."

"आजोबा, टेन्शन नका घेऊ ना, आम्ही बघतो."

"फोन केला तर चालेल?"

"करा ना."

त्यांनी आपल्या नंबरच्या जोडीला माझाही देऊन ठेवला. परत येताना रिकामी टोपली मांडीवर तशीच घट्ट धरली होती.

रोज सकाळी ते फोन करायचे. ती सांगायची, आणि वॉकर आपटत दारापर्यंत येऊन काका जिन्यात ओरडायचे, "झाली हो!" आवाज खोल गेला होता. शेजारीपाजारी हसायचे, मला हसवत नव्हतं. एकादशीला ते खिचडी करेनात. "एकट्याने कसला उपवास," म्हणाले. एकदा मला म्हणाले, "एवढ्या कासवांत तिला काय कळतंय? माझं मन राखायला हो म्हणते पोरगी. म्हणू दे. मलाही ओरडायला बरं वाटतं."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. काकूंच्या भाच्याने येऊन सगळं केलं आणि घराला कुलूप लावलं.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी माझा फोन वाजला. तीच मुलगी. "ताई, आजोबांचा फोन येत नाहीये. मी केला तर लागत नाही. बरे आहेत ना?"

मी सांगितलं. पलीकडे तिने नाक ओढलं.

"ताई, त्याला मी रोज सकाळी वेगळं काढते. टबात बसवते. कोपर बुडवूनच बघते पाणी." मग म्हणाली, "आज झाली त्याची. आता कुणाला सांगू, म्हणून तुम्हाला केला."

फोन ठेवून मी वर गेले. बंद दारापाशी दुधाची रिकामी पिशवी अजून अडकवलेली होती. मी कुलपाला हात लावला आणि हळूच, कुणी ऐकणार नाही इतक्या हळू म्हटलं, "झाली हो, काका."