मी ढेमशाचा चौकोन केला

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि तिला काय ठाऊक नाही? वणीच्या एका लग्नात मी नवरदेवाच्या जागी त्याच्या भावाचं नाव पुकारलं, राजूरला भाषण रंगात आलं असताना स्टेजच्या मागच्या बाजूने खाली पडलो आणि माइक हातात धरून खालूनच वाक्य पूर्ण केलं – हे सगळं तिला पाठ आहे. मीच शंभरदा सांगितलंय, दर वेळी थोडं वाढवून. मारेगावात माझं मंडप आणि साउंडचं दुकान आहे, पण लोक ओळखतात ते आवाजामुळे. रफिकभाऊ माइकवर आला की मेलेला कार्यक्रम उठून बसतो, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे – मीच म्हणतो.

सांगायला मला आवडतं. हे एक सोडून.

ढेमसा तुम्ही पाहिलाय? आमच्या भागातल्या कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर – त्यांना पोड म्हणतात – तो नाचतात. ढोलवाला मधे, आणि भोवती बायामाणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरतात. ज्या पोडावर मी लहानपणापासून जात होतो, तिथे एक रीत होती. उशिरा आलेल्याने कुणाही दोघांच्या मधे शिरायचं. ते हात सोडतात, त्याला घेतात, गोल तेवढा मोठा होतो. गोल भरला असं कधी होतच नाही. पावलं बदलायची हाक पोडावरचे म्हातारे मानकूबाबा द्यायचे. त्यांचे वडील द्यायचे, म्हणून ते द्यायचे.

मग काही वर्षांपूर्वी ठरलं की प्रत्येक तालुक्याने आपलं एक अधिकृत लोकनृत्य नोंदवायचं. तहसील कचेरीतल्या साहेबांनी मला बोलावलं. का मला? कारण स्टेज माझं होतं.

आणि स्टेजवर गोल म्हणजे काय होतं, ते विचार करा. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, आणि अर्धे नाचणारे त्यांच्याकडे पाठ करून! तालमीला साहेब म्हणाले, "रफिकभाऊ, फोटोत नुसत्या पाठी येऊन राह्यल्या." मी म्हणालो, सोडा माझ्यावर. सोळा माणसं घेतली, चार बाजूंना चार-चार उभी केली, दर चौथ्या ठोक्याला सगळ्यांनी पाहुण्यांकडे तोंड करायचं. चौकोन! मंडपाचे खांब रोवतो तसा रोवला. पोडावरच्या पोरापोरींना गंमत वाटली. मलाही वाटली – खोटं कशाला बोलू? कार्यक्रमाच्या दिवशी माझी जीभ सुटली. "चार बाजू म्हणजे चार दिशा! हजारो वर्षांपासून ही माणसं चार दिशांना मान देत आली!" कुठून आलं ते? टाळ्यांतून आलं. एक वाक्य फेकलं, टाळी आली, दुसरं फेकलं.

इथवर तुम्ही हसाल. मीही हसत होतो.

साहेब म्हणाले, हेच लिहून द्या. मी फॉर्म भरला. रचना – चौकोनी. अर्थ – चार दिशा. आणि पुढे – हे कुणी मागितलंही नव्हतं – लिहिलं, की गोलात नाचणं ही अलीकडची भेसळ आहे. का लिहिलं? वाक्य छान उतरलं म्हणून. दुसरं कारण मी अजून शोधतोय, सापडत नाही.

खाली रकाना होता, माहिती देणाऱ्याचं नाव. तिथे मी मानकूबाबांचं नाव लिहिलं आणि फॉर्म घेऊन पोडावर गेलो. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलं, भाऊ?" मी म्हणालो, "तुमचा नाच सरकारी कागदावर चढून राह्यला, बाबा. तुमच्या नावानं." त्यांनी अंगठा दिला. शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि मला चहा पाजला.

दोन वर्षांनी तालुक्याची स्पर्धा होती. जिंकणारं पथक जिल्ह्याला जाणार. मानकूबाबांना मोठी हौस – ते पोडावरची जुनी माणसं घेऊन आले, त्यांच्या बायकोसकट. तिने नवं लुगडं नेसलं होतं. आणि नाचले गोलात. कसे नाचले, ते माझ्या तोंडून नकोच. मी परीक्षकांच्या टेबलाशी उभा होतो आणि माझा पाय ठेका धरत होता.

परीक्षकांनी फॉर्म काढला. नोंदवलेली रचना चौकोनी, हे पथक गोलात नाचलं, बाद. ते मी माइकवर वाचून दाखवलं. माझ्या आवाजात. मानकूबाबा स्टेजच्या पायरीपाशी आले. ते भांडले नाहीत. परीक्षकांनी त्यांना तो अंगठा दाखवला – ही माहिती तुमचीच आहे, आजोबा. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रफिकभाऊ, मी असं सांगतलं होतं काय?"

एवढंच. रागाने नाही. खरंच विचारत होते. माइक माझ्या हातात होता. तो चालू होता. मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं – दोन अक्षरं. मी आयुष्यात किती अक्षरं बोललोय? साहेब समोर बसले होते, हे खरं. पण मला साहेबांची भीती नव्हती. मला त्या टाळ्या परत द्यायच्या नव्हत्या.

मी माइक बंद केला आणि म्हणालो, "सांगतलं होतं, बाबा. तुम्ही विसरले."

आणि त्यांनी ते मानलं. हेच मला कुणाला सांगता आलेलं नाही. ते चिडले असते, खोटारडा म्हणाले असते, तर मी त्याचीही गोष्ट केली असती. ते बायकोकडे वळून म्हणाले, "विसरलो असन मी." ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यानंतर पोडावर लोक बोलू लागले की बाबांचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. ढेमशात हाक देणं त्यांनी सोडलं. चुकीची पडली तर, म्हणाले.

गेल्या महिन्यात त्याच पोडावर लग्न होतं, साउंड माझा. अंगणात ढेमसा सुरू झाला – चौकोनात. सोळा माणसं, आणि दर चौथ्या ठोक्याला सगळे एका बाजूला तोंड करत होते. त्या बाजूला पाहुणे नव्हते. कुडाची भिंत होती. एक बाई उशिरा आली, लेकरू सासूकडे दिलं, पदर खोचला, चौकोनाभोवती एक फेरी मारली आणि परत जाऊन बसली. जागा नव्हती.

मानकूबाबा चौकोनाच्या मागच्या कोपऱ्यात नाचत होते, ओठांनी ठोके मोजत. नातीने शिकवलंय म्हणे. तिला शाळेत शिकवतात. नाच थांबल्यावर ते धापा टाकत माझ्या मशीनपाशी आले.

"आता बराबर हाय ना, भाऊ?"

ढोल पुन्हा वाजू लागला, माझं बोलणं ऐकू गेलं नसतं. मी अंगठा वर केला. ते हसले आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.