लिफ्टशेजारची खोली

हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकांची ती मुकादम. चादरीला एक सुरकुती दिसली तरी पुन्हा घालायला लावायची, म्हणून सगळे तिला घडीताई म्हणत. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ.

तिच्या हाताखाली बाई टिकत नव्हती. नवी यायची, पुढचा झगमगाट बघून हरखायची आणि पहिल्या पगाराआधीच गायब व्हायची. कारण घडीताईला ठाऊक होतं. बायका दुपारचा डबा मागच्या जिन्यावर खात. वरून कोणी सामान घेऊन उतरलं की घास हातात धरून उठायचं, भिंतीला चिकटायचं. तिचंही तारुण्य त्याच पायऱ्यांवर गेलं होतं आणि तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी मॅनेजरने निर्वाणीचं सांगितलं, "ताई, माणसं आणा. नाहीतर काम ठेकेदाराकडे जाईल. तो बायकाही आपल्या आणेल आणि मुकादमही. तुमच्या घरात सून आहे की रिकामी."

"आहे. पण नाही आणणार."

"का? कामाची लाज वाटते तिला?"

"कामाची कसली लाज? घरी मी तिला बसवून वाढते. इथे जिन्यात उभी करू?"

लिफ्टशेजारी एक खोली होती. यंत्राच्या घरघरीमुळे पाहुणे तिथे नाखूश असत. ती मॅनेजरने दुपारपुरती बायकांना दिली. "मालकांना सांगितलेलं नाही. घोळ झाला तर खोली गेली म्हणून समजा."

घडीताईने सुनेला आणलं. तिच्या ओळखीने आणखी दोघी आल्या.

घोळ व्हायला वेळ लागला नाही. बायका नीट घातलेला पलंग बघून खाली फरशीवरच बसल्या. घातलेल्या चादरीवर टेकायचा कुणाला धीर होईना. जेवण उरकलं आणि हात आपोआप चालू लागले. कोणी फरशी पुसली, कोणी उशा झटकल्या. घडीताईने टॉवेल रचले आणि सवयीने खाली फोन करून 'खोली तयार' असं कळवूनही टाकलं. काउंटरवाल्याने ती लगेच एका पाहुण्याला देऊन टाकली. दुसऱ्या दुपारी बायका डबे घेऊन आत शिरल्या, तर पलंगावर एक गृहस्थ बनियनवर घोरत होते.

"ताई, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात," मॅनेजर म्हणाला. "आता खोली परत घेतो."

सून मागेच उभी होती. "मग आई, मी काही उद्यापासून येत नाही."

घडीताईने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे. "साहेब, पलंगच काढून टाका. पलंग दिसला की आमचे हात स्वस्थ राहत नाहीत. पलंग नसला तर काउंटरवाला देणार काय?"

"आणि मालकांना काय सांगू?"

"सांगा, एक खोली गेली, पण बाकीच्या आवरायला माणसं राहिली."

मालक कुरकुरले. पण हॉटेल भरलेलं होतं आणि खोल्या आवरल्याशिवाय चालणार नव्हतं. पलंग निघाला, टेबल-खुर्च्या आल्या. ठेकेदाराचा विषय मागे पडला.

पहिले काही दिवस घडीताई खुर्चीच्या टोकावर बसून जेवायची, आत्ता कोणी उठवेल अशी. बाहेर पावलं वाजली की अर्धी उठायची.

"आई," सून म्हणायची, "टेकून बसा. कोणी येत नाही."