दादाच्या मँडोलिनसाठी प्रीअँप

आज बुधवार. सकाळी दादाचं मँडोलिन घेऊन वर्ध्यातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्या भजन मंडळात तो हे वाजवायचा. तो गेल्याला चार महिने झाले. शनिवारी केळझरला कार्यक्रम आहे आणि या वेळी मी वाजवणार आहे. स्पीकरला जोडण्यासाठी मँडोलिनवर बसवलेल्या पिकअपमधून आवाज फार दबका येतो, म्हणून तो उठावदार करणारं प्रीअँप पेडल घ्यायचं ठरवलं.

दुकानात तीन पेडलं लावून पाहिली. एकात ट्रेबल वाढवला की नुसती खरखर. दुसऱ्यात आवाज मोठा झाला, पण दबकाच राहिला. तिसऱ्याचं तेच. मी बटणं फिरवतच होतो. दोनदा उगाच बाहेर जाऊन आलो.

शेवटी दुकानदार म्हणाले, "काऊन भाऊ, त्या बटनाले छळून राह्यले? तारा पाहा, काळ्या पडल्या. पहिले त्या बदला, मंग कोणतंही पेडल बोलीन."

"दादानं लावल्या होत्या," एवढंच म्हणालो.

त्यांनी मँडोलिनची वायर काढली. मग तिसरं, साधं पेडल आणि तारांचा नवा सेट पिशवीत घालून म्हणाले, "घरीच लावजा. इथं नोका."

खरं तर केळझरच्या कार्यक्रमाआधी दादा दरवर्षी तारा बदलायचा. मला ते माहीत होतं. तरी मी पेडल शोधत होतो. तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का?

दुपारी दार लावून बसलो. आठही तारा काढल्या, फडक्यानं लाकूड पुसलं आणि पहिली नवी तार खुंटीत ओवली.