शालूबाईंची सरळ वाकळ

आटपाडीचे नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून परतले आणि घरात पाऊल टाकताच स्वतःच सुभेदार झाले. त्यांचा हुकूम सगळ्यांवर चालायचा, एक बायको शालूबाई सोडून.

शालूबाई वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे, चाळीस वर्षांचा हात, आणि टाका असा सरळ की शेजारणी जळून म्हणायच्या, "पट्टी लावून शिवती बया!" अशा बाईला सांगलीच्या प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला: पाठवलेल्या फोटोत कडा फुगल्यात, शिवण वाकडी दिसते, शनिवारपर्यंत दुसरी वाकळ दाखवा.

"वाकडी? माझी?" तव्यावरची भाकरी करपली.

सून रेश्मा चाचरली. "आत्या, खोली लहान, मोबाईल लय जवळ धरला मी. जवळनं काढलं की कडा वाकत्यात."

"मग लांबनं काढणारा कॅमेरा आणू."

"अगं, दुसरी वाकळ शीव की," नाथाजी म्हणाले.

"तुमची मिल्ट्री कँटीनची दारूची बाटली मी कवा अडवली का?"

सुभेदारांनी एसटीच्या भाड्याचे पैसे काढून दिले.

सकाळच्या एसटीनं सासू-सून वाकळीचं गाठोडं घेऊन सांगलीत. दुकानदार दादासोनं सत्तर हजारांचा कॅमेरा पुढं केला. "मावशी, ह्यात सगळं येतं."

"सगळं नगं. सरळ पायजे."

शालूबाईंनी वाकळ दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर टांगली, कडेला टाचण्यांनी पांढरा दोरा ताणून बसवला आणि दादासोला कॅमेरा घेऊन पार रस्त्यापलीकडं पिटाळलं. रिक्षावाले भोंगे वाजवत होते; रस्त्यात उभ्या बाई हलेनात. सत्तर हजारांच्या फोटोत कड दोऱ्याला चिकटून सरळ. मग आठ हजारांचा जुना, लांबचं जवळ ओढणारा कॅमेरा. त्यातही तितकीच सरळ.

"मग वरचे पैसे कशाचे रं?"

"नावाचे, मावशी. कंपनी मोठी."

"वाकळीवर नाव माझं हाय." आठ हजारांवर बोट ठेवून बाई मोकळ्या झाल्या.

दादासोनं त्याच कॅमेऱ्यातला फोटो तिथूनच प्रदर्शनवाल्यांना पाठवून दिला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: वाकळ निवडली; छापायला मात्र बिनदोऱ्याचा फोटो पाठवा.

"पाठीव की," नाथाजी कुजबुजले. "मोठी माणसं हायती."

"रेश्मा, लिही. दोरा सरळ शिवणीची साक्ष हाय, हाय तसा छापा. न्हाईतर वाकळ येत न्हाई."

दोन दिवस फोन वाजला नाही. नाथाजींना जेवण गोड लागेना. बाई मात्र निवांत तांदूळ निवडत बसल्या. तिसऱ्या दिवशी प्रदर्शनाची छापील पत्रिका आली, वाकळीचा फोटो दोऱ्यासकट.

हल्ली नाथाजी ती पत्रिका खिशात घालून गावभर हिंडतात. कॅमेरा आपणच पारखून घेतला म्हणे. शालूबाईंच्या कानावर आलंय ते. त्या नव्या वाकळीला अस्तर लावतायत.